कागद परत केले ती सुगी

परवा आमच्या गल्लीच्या तोंडाशी हुरड्याची हातगाडी उभी राहिली. सून हौसेने पावशेर घेऊन आली, वर जवसाची चटणी टाकली आणि बशी माझ्यासमोर ठेवली. हुरडा चावायला दात लागतात आणि पचवायला पोट. माझ्याकडे आता दोन्ही नाहीत, फक्त नाक शाबूत आहे. मी बशी तशीच हातात धरून वास घेत बसलो. सुनेला वाटलं, म्हाताऱ्याला आवडला नाही. तिला काय सांगणार? दरवर्षी पौष आला, हा वास आला की मला कोणीतरी पुकारा करून उभं करतं, आणि माझ्याजवळ सांगायला जबाब नसतो.

सुगीत कोर्टं ओस पडायची. निजामाच्या अखेरच्या वर्षांतली गोष्ट सांगतो आहे. कोर्टाचं सगळं काम उर्दूत चालायचं. चपराशी दारात उभा राहून आमच्या खेडुतांची नावं अशा काही थाटात पुकारायचा, की तुकारामाला आपलंच नाव ओळखू येत नसे. सुगीत तर ओळखायलाही कोणी नसायचं. दावा लावणारा खळ्यावर, ज्याच्यावर लावला तोही खळ्यावर, साक्षीदार पाखरं हाकायला माळ्यावर. मुन्सफ जांभया द्यायचे, तारखा पुढे ढकलायचे, आणि आम्ही वकील मंडळी लिंबाखाली बसून ऊस सोलायचो. हे रिकामपण वाईट असतं. कामात असलेला माणूस दुसऱ्याच्या भानगडींचा विचार करतो, रिकामा माणूस स्वतःच्या. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो. वकिलीला सोळा वर्षं झाली होती आणि पुढची सोळा कशी जातील हे मला बसल्या जागी दिसत होतं.

तसं पाहिलं तर बरं चाललं होतं. नांदेडात होळी नावाच्या जुन्या वस्तीत भाड्याचं घर, पुढे लांब ओसरी. आठवड्यातून दोनदा सरकारी मोटारीने कंधारच्या मुन्सफीत जायचं, बाकी दिवस नांदेडला. आमच्याकडे त्या काळी पक्षकार वकिलाकडे कामापुरता येत नसे, मुक्कामाला येई. पेशीच्या, म्हणजे कोर्टाच्या तारखेच्या, आदल्या दिवशी संध्याकाळीच गाठोड्यात भाकरी बांधून माणसं ओसरीवर उतरायची. भाकरी त्यांची, कोरड्यास आमचं, असा अलिखित करार होता. माझी बायको वत्सला वीस वीस माणसांचं पिठलं एका वेळी टाकायची. एकदा एका दाव्यातले दोन्हीकडचे लोक चुकून आमच्याच ओसरीवर झोपले आणि सकाळी मिळूनच कोर्टात गेले. मी हसलो, वत्सला हसली नाही. तिने एवढंच विचारलं, की हे घर आहे की धर्मशाळा, ते एकदा ठरवा, म्हणजे मलाही कळेल.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि रंगारावचं पत्र आलं. रंगाराव म्हणजे हैदराबादला कायद्याच्या वर्गात माझ्या शेजारी बसणारा तेलुगू दोस्त. तो आता तिथल्या एका मोठ्या पेढीत होता. पेढी म्हणजे खरोखरच पेढी. एक बॅरिस्टर मालक, त्यांच्या हाताखाली दहा-बारा वकील, आणि मराठवाड्यातल्या जहागिरी, इनामं, वतनं यांची अपिलं सगळी त्यांच्याकडे. अडचण एकच. या सगळ्या इस्टेटींचे जुने कागद मोडीत, आणि पेढीत मोडी वाचणारा कोणी नाही. रंगारावने माझं नाव सुचवलं होतं. महिन्याच्या महिन्याला बांधलेला पगार, पेढीच्याच आवारात राहायला जागा. अट एवढीच, की येताना मोकळं यायचं. माझ्या नावावर एकही वकालतनामा शिल्लक नको. पेढीचे बडे पक्षकार जिल्ह्याजिल्ह्यात पसरलेले, उद्या त्यांच्यातल्याच कुणाविरुद्ध मी आधी उभा राहिलेला निघालो तर पंचाईत. होळीपर्यंत कळवा, असं त्याने लिहिलं होतं.

मी ते पत्र किती वेळा वाचलं याला गणती नाही. लिंबाखाली ऊस सोलताना कोणी विचारलं, काय चाललंय, तर मी म्हणायचो, काही नाही. आणि खरंच काही चाललेलं नव्हतं. माणूस मोठ्या निर्णयाचा विचार करतो असं आपण म्हणतो, पण मी विचार असा केलाच नाही. मी फक्त कल्पना करत राहिलो. टेबल, खुर्ची, डोक्यावर पंखा, आणि दारात कोणीही नाही. सोळा वर्षांत मी स्वतःच्या घरात एकटा असा बसलो नव्हतो. वत्सलाचं तर ठरलंच होतं. हैदराबादला घरात नळ असतो, हे तिला कोणीतरी सांगितलं होतं. थोरली मुलगी मराठी चौथी संपवून घरी बसली होती, तिकडे तिच्यासाठी शाळा होती. वत्सलाने एकदाही जाऊ या म्हटलं नाही. फक्त एक दिवस माळ्यावरची ट्रंक खाली काढली, पुसली, आणि उन्हात उघडी ठेवली.

मला कोणीतरी जा म्हणायला हवं होतं. किंवा जाऊ नको म्हणायला. म्हणून मी लातूरला गेलो, अप्पांकडे. अप्पा म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी वकिली शिकलो ते म्हातारे वकील. घराणं आडतीचं, गळ्यात लिंग, कपाळावर भस्म, आणि उर्दू अशी की मुन्सफाने ऐकत राहावं. मोटारीतून उतरलो तर लातूर रिकामं. गंजगोलाईत एक दुकान उघडं नव्हतं, रस्त्यावर कुत्रीसुद्धा आळसावलेली. मग ध्यानात आलं, की आज येळवस. मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी तिकडे गावात थांबतो तो आजारी तरी असतो नाहीतर परका. मी दुसऱ्या प्रकारातला, तसाच पायी औशाच्या रस्त्याने अप्पांच्या शेतापर्यंत गेलो.

ते रान मला अजून दिसतं. ज्वारी डोक्याच्या वर, मध्ये कडब्याची कोप, कोपीत चुना लावलेले पाच दगड, पुढे आंबिलाचं मडकं. करडईच्या काटेरी बांधावरून बायका भज्जीची पातेली सांभाळत येत होत्या. अप्पांच्या घरातल्या सुना-लेकी, गडी, गड्यांची पोरं, सगळे एका पंगतीला. मला बसवलं, पुढ्यात बाजरीचे उंडे, ती पातळसर भाज्यांची भज्जी, आणि आंबील वाडग्याने. इतकं आंबट, गार आणि लसणाचं काहीतरी मी पुढे हैदराबादेतही प्यालो नाही आणि पुण्यातही नाही. दुपारी सगळे बाभळीच्या सावलीला लवंडले तेव्हा मी अप्पांना पत्र दाखवलं. त्यांनी चष्मा नाही म्हणून ते मलाच वाचायला लावलं, आणि ऐकताना डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोपले.

मग डोळे न उघडताच म्हणाले, "जाय. बेचाळिसाव्या वर्षी कोणी बोलावतंय, हेच लई झालं." मी म्हटलं, अप्पा, माझी माणसं? तर म्हणाले, माणसं काय, दुसरा वकील करतील, तू काही त्यांचा बाप नाहीस. थोड्या वेळाने मात्र उठून बसले आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "पण एक ध्यानात ठेव. कागद परत करशील ते समोर बसवून, सांगून, हाताला हात देऊन कर. कुणाच्या हाती धाडू नको." मी मान हलवली. एवढं साधं काम, त्यात काय सांगायचं, असं मला वाटलं.

यातलं मर्म आता सांगायला हवं, कारण आजच्या वकिलांना ते ठाऊक नसेल. आमच्याकडे वकिलाने कागद परत देणे याला एकच अर्थ होता. दावा जिंकला तर पक्षकार कागद कधी मागायचा नाही. ज्या घराने यश दिलं त्याच घरी ते राहू द्यावेत, अशी समजूत. आमच्या माळ्यावर जिंकलेल्या दाव्यांची बासनं वर्षानुवर्षं पडून असायची, उंदीर खायचे. हरला तर मात्र वकील कागद लाल फडक्यात बांधायचा आणि मुकाट्याने हातात द्यायचा. हरलास, हा शब्द उच्चारायचा नाही. माणूस गाठोडं घ्यायचा, कपाळाला लावायचा, आणि उठायचा. मी स्वतः सोळा वर्षं हेच करत आलो होतो. तेवढाच आमच्या धंद्यातला दयाळूपणा.

पौष लागला आणि मी कागद परत करायला सुरुवात केली. अजून रंगारावला हो कळवलं नव्हतं, हे लक्षात घ्या. मी मनाशी म्हणत होतो, आधी हात मोकळे करू, मग ठरवू. वकिलाने स्वतःशी केलेला हा युक्तिवाद किती लंगडा होता, ते तेव्हा दिसलं नाही. एकेकाला बोलावत होतो, ओसरीवर बसवत होतो, आणि पहिलं वाक्य हेच, की बाबा, तू हरलेला नाहीस. मग हैदराबाद, पेढी, दुसरा चांगला वकील, सगळं सांगायचं. माणसं ऐकून घ्यायची. मुखेडकडचा एक म्हातारा ऐकून म्हणाला, ते सगळं खरं, पण मी हरलो की न्हाई तेवढं सांगा. देगलूरचा एक कोमटी व्यापारी अर्धं तेलुगूत, अर्धं मराठीत रडला, आणि जाताना माझ्या मुलीच्या हातावर बत्तासे ठेवून गेला. प्रत्येक गाठोडं गेलं की घरात थोडी जागा व्हायची, आणि मला थोडं हलकं वाटायचं. हलकं वाटायचं, हे मी लपवत नाही.

शेवटी एकच बासन राहिलं, नागरबाईचं.

नागरबाई कंधारच्या पलीकडच्या गावची. वय पस्तिशीचं, नवरा पटकीत गेलेला, मूलबाळ नाही. विहिरीच्या कडेचं रान दिराने आपल्या नांगराखाली घेतलं होतं. दाव्यातला प्रश्न दोन ओळींचा होता. दोघे भाऊ वेगळे झाले होते की एकत्र होते? वेगळे असतील तर नवऱ्याच्या वाटणीचं रान तिच्या हयातीपर्यंत तिचं. एकत्र असतील तर तिला नुसतं अन्नवस्त्र, तेही दिराच्या हातून. चार वर्षं ती या दोन ओळींसाठी पेशीला येत होती. बायका कोर्टात यायच्या नाहीत तेव्हाची गोष्ट. ही पदर डोक्यावर घट्ट ओढून भिंतीला टेकून उभी राहायची, आणि आपलं नाव पुकारलं की कोणी सांगण्याआधी पुढे यायची. आमच्या घरी उतरली की वत्सलाला जात्यावर हात लावल्याशिवाय भाकरीला शिवायची नाही.

आणि त्या वर्षी तिचं पारडं जड झालं होतं. वाटणीचा मोडी कागद मी शोधून काढला होता. त्यावर साक्ष घातलेला गावचा एक थकलेला जोशी अजून जिवंत होता, आणि त्याने दिवाळीआधीच मुन्सफापुढे सांगितलं होतं, की होय, चुली वेगळ्या झाल्या, माझ्यादेखत झाल्या. समोरच्या वकिलाचा चेहरा पडला होता. आता दोन पेश्या उरल्या होत्या. एक युक्तिवादाची, एक निकालाची. त्याही सुगीमुळे पुढे गेलेल्या. हे सगळं मी तिला समजावलं होतं की नाही? समजावलं होतं, वकील समजावतो तसं. काम चांगलं चाललंय, एवढं. आमच्यात पक्षकाराला फार आशा दाखवायची पद्धत नव्हती.

तिला बोलवायला मला धीर होईना. ती रडणार नाही, हे मला माहीत होतं. ती नुसती ऐकेल, आणि मग माझ्याकडे बघेल. चार वर्षं ती माझ्यामागे भिंतीला टेकून उभी होती, आणि मी दोन पेश्यांसाठी तिला दुसऱ्याच्या हवाली करणार होतो. आज बोलावू, उद्या बोलावू, असं करता करता माझी हैदराबादला जाण्याची तारीख आली. पेढी एकदा डोळ्यांनी बघून घ्यावी, म्हणून मी चार दिवस जाणार होतो. निघायच्या सकाळी तिच्या गावचा बाबाराव म्हणून एक माणूस बाजारच्या निमित्ताने आमच्याकडे डोकावला. मी लाल फडकं बांधलं आणि त्याच्या हातात दिलं. तोंडी निरोप सांगितला. बाईला म्हणावं, मी बाहेरगावी चाललोय, घाबरू नको, कंधारच्या अमुक वकिलांना मी सांगून ठेवतो, त्यांना जाऊन भेट. बाबारावने दोनदा मान डोलावली. त्याला बैलाची वेसण आणि बायकोचं लुगडं घ्यायचं होतं, माझा निरोप त्याच्या ध्यानात किती राहणार? अप्पांचं बोलणं मला त्या क्षणी आठवलं. आठवलं, म्हणूनच जास्त लागतं. आठवलं आणि मी म्हटलं, एका वेळेला काय होतंय.

हैदराबादची पेढी मी समजत होतो त्यापेक्षाही देखणी निघाली. उंच छत, पंखे, कपाटांतून पोथ्यांसारखी रचलेली पुस्तकं. एक वकील फक्त दावे लिहायचा, एक फक्त उभा राहायचा, एक फक्त जुने निकाल शोधायचा. पक्षकार बाहेरच्या दालनात खुर्चीवर बसायचे आणि घंटी वाजली की एकेक आत. बॅरिस्टरसाहेब माझ्याशी अदबीने बोलले. खिडकीजवळचं एक टेबल दाखवून रंगाराव म्हणाला, हे तुझं. मोडी वाचायची, उर्दूत उतरवायची, पुढे धाडायची. मी विचारलं, आणि कोर्टात? तो म्हणाला, त्याची तुला काही गरजच नाही. मी त्या खुर्चीवर बसून पाहिलं. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. बाहेर शहरात लोक खालच्या आवाजात बोलत होते, राज्य किती दिवसांचं याची कुजबुज होती, पण त्या खिडकीतून फक्त गुलमोहराचं झाड दिसायचं. परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात सामान बांधून टाकलं होतं.

कंधारला गेलो ते त्या अमुक वकिलांना नागरबाईचं सांगायला. मुन्सफीच्या व्हरांड्यात पेशकार भेटला. पेशकार म्हणजे मुन्सफाचा कारकून, सगळ्या मिसली, म्हणजे दाव्यांची दप्तरं, त्याच्या हातून जायच्या. माझा स्नेही होता. मला बघून खुशीत म्हणाला, "चला वकीलसाब, तुमची एक मिसल कमी झाली. बाईनं परवा राजीनामा दाखल केला." राजीनामा म्हणजे आपसातली तडजोड. दीर आणि ती, दोघे जोडीने आले होते. तिने रानावरचा हक्क सोडला होता. बदल्यात वर्षाचं धान्य, दोन लुगडी, आणि राहत्या घरातला एक खण हयातीपर्यंत. मुन्सफाने तिला रिवाजाप्रमाणे विचारलं, राजीखुशीने करतेस का? ती हो म्हणाली. वकील कुठे आहेत? तर म्हणाली, वकिलानं कागद परत दिले. मुन्सफ मुसलमान असला तरी आमच्याच मुलखातला, त्यालाही त्याचा अर्थ माहीत होता. त्याने सही केली. पेशकाराने मला तो कागद दाखवला. खाली तिचा अंगठा उमटला होता, शाई जास्त लागल्याने थोडा पसरलेला.

मी तसाच भाड्याची गाडी करून तिच्या गावी गेलो. सुगी भरात होती. वाटेने दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, माळ्यांवरून गोफणी सुटत होत्या, पाखरांचे थवे उठून दुसऱ्या रानात पडत होते. नागरबाई त्याच विहिरीच्या रानात होती, जावेच्या बरोबर कणसं खुडत. आगटी पेटलेली होती. मला बघून ती लगबगीने आली, पोतं झटकून अंथरलं, आणि जावेला म्हणाली, वकीलसाबाला हुरडा भाजा. चार वर्षांत ज्या जावेने हिच्याकडे पाठ फिरवली होती, ती उठून कणसं निखाऱ्यात घालू लागली. दीर लांबूनच रामराम करून बैलांकडे गेला. नागरबाईने भाजलेलं कणीस दोन हातांत घेऊन चोळलं, फुंकर मारली, आणि हिरवे दाणे माझ्या ओंजळीत ओतले.

मी म्हटलं, बाई, मला न विचारता हे काय केलंस? ती खाली बघत म्हणाली, "तुमी कागद धाडले, म्या समजले. तोंडानं सांगायला तुमाला जड गेलं आसंल." मग तिने सगळं सांगितलं. गाठोडं मिळालं त्या दिवशी ती घराबाहेर पडली नाही. दुसऱ्या दिवशी विचार केला, की निकाल लागून हरले तर दीर अन्नालाही लावणार नाही. हरायच्या आधी हात जोडले तर निदान खण मिळेल. म्हणून गेली. महादेवाच्या देवळात दोघांनी पिंडीवरचा बेल उचलला, की आता एकमेकांवर कोर्टात जाणार नाही. जावेने पुरणपोळी केली. सांगताना ती हसली सुद्धा. चार वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

कायद्याने मार्ग होता. गैरसमजुतीने केलेली तडजोड म्हणून अर्ज देता आला असता. त्यासाठी तिला मुन्सफापुढे उभं राहून सांगावं लागलं असतं की मी चुकले, आणि मला शपथेवर सांगावं लागलं असतं की चूक माझी. पण तिने बेल उचलला होता. ती ते मोडणार नाही, हे मला तिच्या तोंडाकडे बघूनच कळलं. मग तिला एवढं तरी सांगावं का, की बाई, तू जिंकत होतीस? सांगून तिला काय मिळणार? ज्या रानात ती आनंदाने कणसं खुडत होती, त्याच रानात उद्यापासून तिला झोप उडवणारं दुःख मिळालं असतं. असं मी स्वतःला सांगितलं. की मला तिच्यापुढे उभं राहायची लाज वाटली? या दोन्हींतलं खरं कारण कुठलं, हे मी गेल्या तीस वर्षांत ठरवू शकलेलो नाही. हुरडा खाल्ला, पाणी प्यालो, आणि उठलो.

परतताना गाडीवान काहीतरी गात होता. मला आयुष्यात इतकं असहाय कधी वाटलं नव्हतं. कोर्टात हरलो की अपील असतं, वरच्या कोर्टात हरलो की नशीब असतं. इथे मी कुठेच हरलो नव्हतो. कोणी माझ्यावर ठपका ठेवत नव्हतं, माझी अब्रू काढत नव्हतं, उलट हुरडा देत होतं. मी ज्या गाठोड्याला फक्त कागद समजलो, ते तिने माझं बोलणं समजून वाचलं. आणि आमच्या भाषेत तिचंच वाचन बरोबर होतं. मीच चार दिवस आधी दुसऱ्या कुणाच्या तरी रीतीने विचार करायला लागलो होतो.

होळीला मी रंगारावला नकार कळवला. कारण लिहिलं, प्रकृती. वत्सलाने ट्रंक पुन्हा माळ्यावर टाकली आणि सहा महिने माझ्याशी कामापुरतं बोलली. मी तिला खरं सांगितलं असतं तर ती समजली असती, पण मग एकीला सांगितलं आणि दुसरीला नाही, असं झालं असतं. दीड-दोन वर्षांत निजामाचं राज्य गेलं, पेढीचे जहागीरदार पक्षकार पांगले, आणि लोक मला म्हणू लागले, काय दूरदृष्टी हो तुमची. नांदेडच्या वकील संघाने साठी झाल्यावर माझा सत्कार केला, तेव्हा एका तरुण वक्त्याने सांगितलं, की नारायणरावांनी गोरगरिबांसाठी हैदराबादच्या वैभवावर लाथ मारली. टाळ्या वाजल्या. मी शाल पांघरून हात जोडले. दुसरं काय करणार होतो?

नागरबाईच्या गावाने तर कहरच केला. आमचा वकील सच्चा, हरणाऱ्या दाव्यात माणसाला रखडवत नाही, असं ती सगळ्यांना सांगत सुटली. तिच्या सांगण्यावरून त्या गावची एकेक करत निम्मी घरं माझ्याकडे आली. ओसरी पुन्हा भरली. वत्सलाचं पिठलं पुन्हा वीस माणसांचं होऊ लागलं.

पुढच्या वर्षी पौषात ती स्वतः नांदेडला आली. डोक्यावर हुरड्याच्या कणसांची पाटी, वर ओलं फडकं. विहिरीच्या रानातला आहे, म्हणाली, यंदा गूळभेंडी लावली होती दिराने. वत्सलाने तिला जात्यापाशी बसवलं नाही, पाट दिला, कारण ती आता पक्षकार नव्हती, पाहुणी होती. जेवण झालं, ती निघाली, ओसरीच्या पायरीवर थांबली. मी आत वळत होतो.

"वकीलसाब, एक इचारू का? रागाला येऊ नका."

मी म्हटलं, विचार.

"तवा कागद धाडले नसते, तर आणिक किती दिस चाललं आसतं माझं?"

मी खांबाला हात लावून उभा होतो. खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं तर हेच होतं.

"दोन पेश्या उरल्या होत्या," मी म्हणालो.

तिने बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं, आणि मान हलवली. "म्हंजी दोन हेलपाटे वाचले."

मी म्हणालो, "हाव. वाचले."